मी न वाचलेली शिफारस

झुलाल,

तुझ्या शोकसभेत टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत एवढं कळणारी माणसं होती सगळी, पाचोऱ्याच्या तुझ्या शाळेतली, तुझ्या हाताखाली शिकून मोठी झालेली. तरी पडल्या, आणि त्या माझ्या बोलण्याला पडल्या. मी म्हणालो, "झुलालच्या प्रबंधाची मी पुरस्कारासाठी शिफारस केली होती. पण तो पडला खानदेशचा. पुण्या-मुंबईच्या समितीला साक्री तालुक्यातला बंधारा दिसणार कसा?" मागून कोणीतरी "बरोबर शे" म्हणालं आणि सभागृहाने हात उचलले. पहिल्या रांगेत कमल बसली होती. तुझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा नवरा वारलेला असताना मी तिची नजर चुकवून खाली उतरलो.

हे वाक्य मी तीसेक वर्षं बोलत आलो आहे. निवृत्तीच्या समारंभात बोललो, जळगावला माझा सत्कार झाला तेव्हा बोललो, कुठल्याशा परिसंवादात "ग्रामीण संशोधकांवरचा अन्याय" म्हणून बोललो. दर वेळी लोकांना आवडलं.

खरं असं आहे. पुरस्कारासाठी तुझा प्रबंध मी पाठवला. सोबत मार्गदर्शक म्हणून माझी शिफारस गेली. ती शिफारस मी लिहिलेली नव्हती, तू लिहिली होतीस. मी ती वाचलीही नव्हती. समितीने तुझा प्रबंध बाजूला ठेवला तो त्या शिफारशीतल्या मजकुरामुळे, आणि मजकुराखाली सही माझी होती. मी ती वाचली नव्हती एवढं सोडलं तर तुला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मला काही वर्षांनी कळलं. कळल्यावरही मी तेच वाक्य बोलत राहिलो, अगदी तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोरसुद्धा.

तुझ्या शाळेची मंडळी तुझ्यावर स्मरणिका काढताहेत. सरांनी चार शब्द लिहावेत म्हणून निरोप आला. मी हे देणार आहे. छापायचं नसेल तर त्यांनी सरळ परत करावं, मी दुसरीकडे छापून घेईन. सुंदर आठवणी लिहायला इतर लोक आहेत.

मला तुझा राग येतो, झुलाल. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण जिवंतपणी तू मला रागवायची संधी कुठे दिलीस? कधी भांडला नाहीस, कधी तोंडावर विचारलं नाहीस. रविवारी पहाटेची एस.टी. पकडून धुळ्याला यायचास, पायरीवर चपला काढायचास, कळण्याच्या भाकरीचं फडकं माझ्या बायकोच्या हातात द्यायचास आणि माझ्यासमोर वही उघडून बसायचास. मी काही चुकीचं बोललो की तू "हं" म्हणायचास. तुझ्या "हं"चे प्रकार मला नंतर कळायला लागले. एक "पटलं"चा, एक "पटलं नाही पण तुम्ही मोठे"चा. दुसराच जास्त वेळा यायचा.

नाही, एकदाच भांडलास, तेही प्रबंधाच्या नावावरून. तुझा विषय होता तुमच्या पांझरेकाठची फडपद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची सगळ्या गावाची जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, आणि पाणी कमी पडलं तर एक फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. म्हणजे तहान लागली तर सगळ्यांना सारखी. मी प्रबंधाच्या नावात "जलव्यवस्थापन" घातलं. तू म्हणालास, "सर, 'पाण्याची रीत' म्हणू."

"रीत हा काय शास्त्रीय शब्द आहे?"

"व्यवस्थापन म्हटलं का सायेब लागस. आमच्याकडे सायेब नव्हता, सर. म्हणून तर ते चाललं."

मी हसलो, आणि नाव माझंच राहिलं. तुझं नाव चांगलं होतं. हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

तुझ्या गावी मला घेऊन गेलास तो दिवस आठवतो. माझ्या स्कूटरवरून आपण दोघं. पाटाच्या कडेने चालताना माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकलो तर मीच गुडघाभर आत. तुझी आई बांधावर उभी होती. तिने तुला विचारलं, मला ऐकू येईल अशा आवाजात, "हाऊ तुना सर का? याले त चालता बी येत नई." तू इतका लाजलास की मला बाहेर काढायचंही विसरलास. तिनेच हात दिला. मग दुपारी तिने ओट्यावर बसून फडाची गोष्ट सांगितली. पाट सुरू व्हायच्या आधी गाव बंधाऱ्यावर जमायचं. ज्याला पाणी हवं त्याने आधी आपली खोट सांगायची. माझ्या हद्दीत पाट खचला आहे, माझ्या बांधाला उंदरांनी बीळ पाडलं आहे, माझ्याकडून गाळ काढायचा राहिला आहे. आधी हे, मग पाणी मागायचं. जो आपली खोट लपवेल त्याच्या हद्दीत पाणी वाया जाणार, आणि ते सगळ्यांचं जाणार. मग बाकीचे म्हणायचे, "एवढं काही नाही, आम्ही येतो हात लावायला," आणि दुरुस्ती व्हायची. म्हणजे खोट ज्याची त्याने सांगायची, आणि ती लहान करायची इतरांनी.

यावर तू चौथं प्रकरण लिहिलंस. मी ते वाचलं, तांबड्या शाईने शेजारी "उत्तम" लिहिलं आणि पान उलटलं. माझ्या वाचण्याची पोच तेवढीच होती.

आता शिफारशीची गोष्ट. हे वाचणाऱ्या तरुण प्राध्यापकांना वाईट वाटेल, वाटू दे. आमच्यात तेव्हा रीतच अशी होती, आणि मला शंका आहे की आजही आहे. विद्यार्थ्याला शिफारस हवी असली की मार्गदर्शक म्हणायचा, "तूच लिहून आण, मी सही करतो." नोकरीसाठी असो, शिष्यवृत्तीसाठी असो की पुरस्कारासाठी. माझ्या गुरूंनी माझ्याकडून माझ्याच शिफारशी लिहून घेतल्या होत्या. मी बेधडक लिहिल्या होत्या, "अत्यंत कुशाग्र बुद्धीचा", "विषयावर असामान्य प्रभुत्व". सगळेच लिहायचे. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण सही दुसऱ्याची असायची.

तुलाही मी तेच सांगितलं. तू पाय घासत उभा राहिलास.

"सर, आपलीच पाठ आपण कशी थोपटानी? लाज वाटस."

"अरे, थोपटायची नाही. समितीला प्रबंध समजावून सांगायचा. मी काय म्हणेन ते तूच लिही. मला वेळ नाही रे बाबा, परीक्षेची कामं डोक्यावर आहेत."

मी काय म्हणेन ते तूच लिही. हे माझे शब्द. तू ते अक्षरशः घेतलेस. आठवडाभर बसून तू विचार केलास की सर या प्रबंधाबद्दल काय म्हणतील. आणि तू तुझ्या गावच्या रीतीने लिहिलंस. आधी खोट.

तो मसुदा तू मला आणून दिलास. तुझी समजूत अशी की सर वाचतील, खोडतील, "झुलाल, एवढं काही नाही" म्हणतील, दुरुस्त करतील आणि मग टाईप करायला देतील. मी तो तसाच कार्यालयात दिला. टंकलेखकाने कॉलेजच्या कागदावर टाईप केला आणि दुसऱ्या दिवशी बोनाफाईड दाखले, रजेचे अर्ज, प्रवासभत्त्याची बिलं यांच्या गठ्ठ्यात ठेवून माझ्यासमोर आणला. मी सह्या करत गेलो. समोर बसलेल्या माणसाशी मी तेव्हा प्राचार्यपदाच्या राजकारणाबद्दल बोलत होतो.

पुढच्या रविवारी तू आलास. तू विचारलंस, "सर, काही बदलायचं होतं का त्यात?"

मी म्हणालो, "काही नाही. अगदी बरोबर लिहिलंयस. एक अक्षर बदलायची गरज पडली नाही."

तू "हं" म्हणालास. झुलाल, तो "हं" मी आधी कधी ऐकला नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी चहा मागवला.

पुरस्कार दुसऱ्या कोणाला गेला. मी स्टाफरूममध्ये आरडाओरडा केला. खानदेशला कायम डावलतात, त्यांच्या नकाशात नाशिकच्या पुढे काही नाहीच, वगैरे. तू कोपऱ्यात बसून ऐकत होतास. मला वाटलं दुःखाने गप्प आहेस. तुझ्या बाजूने विचार केला तर मी तेव्हा कसा दिसलो असेन? ज्या माणसाने प्रबंधाच्या सगळ्या त्रुटी मान्य करून सही केली, तोच माणूस चारचौघांत टेबलावर हात आपटून समितीला शिव्या देतो आहे. तू मला ढोंगी समजला असशील. मी ढोंगी नव्हतो, तेव्हा तरी नव्हतो. मी निष्काळजी होतो. ढोंगी नंतर झालो.

त्यानंतर मी तुझ्या मागे लागलो, प्रबंध पुस्तकरूपाने काढ. दर भेटीत विचारायचो. तुझं उत्तर ठरलेलं, "नको सर, त्यात त्रुटी आहेत." पुढे मी जळगावला राहायला गेलो, तिथल्या घरी एकदा मी ओरडलोच तुझ्यावर. "कसल्या त्रुटी? मी मार्गदर्शक होतो तुझा. मला नाहीत दिसल्या त्या." तू माझ्याकडे बघितलंस. मग तू म्हणालास, "तुम्हाले माहीत शेतस सर," आणि हात धुवायला उठलास. मी बायकोला म्हणालो, किती नम्र आहे हा मुलगा. तुझ्या शोकसभेतही सगळ्यांनी तोच शब्द वापरला. नम्र, निगर्वी, प्रसिद्धीपराङ्मुख. मला तिथे उठून ओरडावंसं वाटत होतं. तू नम्र नव्हतास. तुला तुझ्या कामाचा अभिमान होता, म्हणून तर तू त्याची खोट सांगायला घाबरला नाहीस. तुझा अभिमान मी मोडला, आणि जे उरलं त्याला या लोकांनी नम्रता नाव दिलं.

मला कळलं ते असं. दुसऱ्या एका विद्यापीठात तोंडी परीक्षा घ्यायला मी बाहेरून गेलो होतो. माझ्याबरोबरचे दुसरे परीक्षक त्या जुन्या समितीवर होते. जेवताना मी सवयीने टोमणा मारला, "तुमच्या समितीने आमच्या खानदेशचा एक चांगला प्रबंध मारला होता." त्यांना तुझा प्रबंध आठवला. नावासकट आठवला. ते म्हणाले, "आम्ही कुठे मारला? आम्हाला तोच द्यायचा होता. पण तुम्हीच लिहिलं होतंत ना, की गावं थोडी घेतली आहेत, मोडी येत नसल्यामुळे जुनी दफ्तरं पाहिली नाहीत, आणि संशोधक स्वतः त्याच गावचा असल्याने निष्कर्ष तटस्थ मानता येणार नाहीत. खुद्द मार्गदर्शकच असं म्हणतो म्हटल्यावर आम्ही काय करणार?" मग हसून म्हणाले, "पण एक सांगतो, एवढी प्रामाणिक शिफारस मी दुसरी वाचली नाही. आम्हाला तुमचं कौतुकच वाटलं."

कौतुक माझं. मी मान हलवली आणि वरण मागितलं.

त्या दिवशी मी तुला फोन करू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं: झुलाल, मी ते वाचलं नव्हतं. चार शब्दांत तुझ्या सगळ्या वर्षांचा हिशेब बदलला असता. मी केला नाही. मला वाटलं, आता जुनं उकरून काय उपयोग, त्यालाच वाईट वाटेल. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण हे की तोवर मी "खानदेशासाठी भांडणारे सर" झालो होतो. ते नाव तुझ्या प्रबंधावर उभं होतं. मला ते सोडवेना.

आणि तरीही तू मला एकदा संधी दिलीस. भडगावला कोणाच्या तरी लग्नात. मांडवात मला बोलायला लावलं, वधूवरांना आशीर्वाद देता देता माझी गाडी पुन्हा खानदेशावरच्या अन्यायाकडे वळली. खाली उतरल्यावर तू चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आलास आणि हळू म्हणालास, "सर, समितीवर उगाच राग नका धरू. त्यांनी तुमचंच ऐकलं."

मला तेव्हा सगळं माहीत होतं. तुला माहीत होतं की मला माहीत असणार, कारण तुझ्या मते ते मीच तर म्हटलं होतं. तुझ्या आवाजात रागसुद्धा नव्हता, काळजी होती, म्हातारा माणूस उगाच खोटं बोलून आपली शोभा करून घेतोय याची. मी काय केलं? ऐकू आलं नाही असं दाखवलं. "साखर कमी आहे रे," म्हणालो. तू जाऊन साखर घेऊन आलास.

त्या साखरेचा मला अजून राग येतो. तू कप माझ्या अंगावर का नाही ओतलास?

तू गेल्यानंतर मनीषा माझ्याकडे आली. तुझी मुलगी तुझ्यासारखी दिसते, बोलते मात्र तुझ्या आईसारखी, समोरच्याच्या तोंडावर. पुण्याच्या एका संस्थेने जुन्या, अप्रकाशित प्रबंधांसाठी पुरस्कार ठेवला आहे. संशोधक हयात नसला तरी चालतं, आणि पुरस्कार मिळाला तर प्रबंध ते छापतात. मार्गदर्शकाची शिफारस लागते. तिने तुझा प्रबंध पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमचं वय झालंय, लिहायचा त्रास नका घेऊ. मी मसुदा करून आणते. तुम्ही फक्त सही करा."

मी तिच्यावर भडकलो. इतका की ती उठून उभी राहिली. तिला बिचारीला काय माहीत. ती म्हणाली, "सही नसेल करायची तर तसं सांगा. ओरडता कशाला?" मग मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तुला सांगायचं होतं ते तिला सांगितलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे तुम्हाला बाबांचा प्रबंध आवडला होता?"

"आवडला होता. माझ्या हाताखाली तसा दुसरा झाला नाही."

"बाबा आम्हाला सांगायचे, सर स्पष्ट बोलत नाहीत पण त्यांचं मत मला ठाऊक आहे, मनं काम कच्चं शे. मी कॉलेजात असताना त्यांना म्हटलं होतं, मला तुमचा प्रबंध वाचायचाय. तर म्हणाले, कच्चं काम वाचू नये, सवय बिघडते." तिने प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. "मी त्यांचं ऐकलं. ते गेल्यावर वाचला, सर. आता."

मी तिला म्हणालो की मी शिफारस स्वतः लिहीन, आणि तिच्यात हे सगळं लिहीन. मागच्या वेळी काय घडलं, माझी चूक काय होती, समितीला सगळं कळू दे. मला वाटलं ती समाधानी होईल. ती म्हणाली, "नाही. त्या कागदावर बाबांच्या प्रबंधाबद्दल लिहा. तुमच्या मनावरचं ओझं बाबांच्या प्रबंधावर ठेवू नका. ते तुम्ही दुसरीकडे लिहा, जिथे टाळ्या घेतल्यात तिथे."

मी पुष्कळ मुलांची भाषणं तपासली आहेत, झुलाल. इतकं नेमकं वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. जाताना तिने चहा घेतला नाही. दारातून म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

कमलला सांगायला मी पाचोऱ्याला गेलो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने देठं गोळा केली आणि म्हणाली, "सर, त्यासनी तुम्हनावर कधी राग धरा नई. त्यासनी स्वतःवरच धरा." मग आत गेली. मी उठलो. माफी मागायला गेलो होतो, ती मागायची राहिली. मागितली असती तर तिने दिली असती, आणि ती घेऊन मी घरी येऊन झोपलो असतो. बरं झालं नाही मागितली.

मग मी शिफारस लिहायला बसलो आणि लक्षात आलं की प्रबंध पुन्हा वाचल्याशिवाय लिहिता येणार नाही. वाचायला मला फार दिवस लागले. डोळे पूर्वीसारखे नाहीत, भिंग घेऊन वाचावं लागतं. पण भिंगाने वाचताना पान पटकन उलटता येत नाही. तुझ्या त्या तीन त्रुटींबद्दल मी आता मार्गदर्शक म्हणून सांगतो. गावं थोडी घेतलीस हे खरं, आणि थोडी घेतलीस म्हणूनच प्रत्येक पाटाचं वळण तुला माहीत होतं. मोडी तुला येत नव्हती हेही खरं, पण ती मला येत होती आणि मी तुझ्याबरोबर दफ्तरखान्यात बसायला हवं होतं, ती त्रुटी माझी. तटस्थपणाचं म्हणशील तर ते वाक्य मी खोडलं असतं. आपल्या गावाबद्दल लिहिताना तू जितका कठोर झालास तितका मी परक्या विषयावर लिहितानाही कधी झालो नाही.

हे मी शिफारशीत लिहिलं आहे. समितीला आवडेल की नाही माहीत नाही. मी ती स्वतःच्या हाताने लिहिली, अक्षर कापतं तरी. मनीषाला वाचून दाखवली. तिने एका ठिकाणी थांबवून "असामान्य" शब्द काढायला लावला. म्हणाली, बाबांना चालला नसता. काढला. पाकीट तिच्याच हाताने गेलं.

पण वाचताना मला एक चूक सापडली. तू सांगितलेल्या तीनांत नसलेली, आणि मला तेव्हा सापडायला हवी होती अशी. पाचव्या प्रकरणात तू लिहितोस की दुष्काळाच्या वर्षी फड कोरडा ठेवायचा निर्णय बैठकीत व्हायचा, आणि एका म्हाताऱ्याचं बोलणं देतोस, "बठ्ठासनी ठरायं." सगळ्यांनी ठरवलं. त्या वाक्यावर तू पूर्ण निष्कर्ष उभा केला आहेस. पण त्या बैठकीला बसायचे ते जमीनवाले. उसाचा फड कोरडा राहिला की ज्यांची मजुरी बुडायची, जे खुरपायला आणि तोडायला यायचे, त्यांची फडात वीतभरही जमीन नव्हती. त्यांना कोणी विचारलं? ती माणसं तुझ्या प्रबंधात कुठेच नाहीत. त्यांच्यातल्या एकाही बाईशी तू बोलला नाहीस. आणि मी शेजारी काय लिहिलं आहे माहीत आहे? "उत्तम."

यावर तुझ्याकडे उत्तर असणार. तू म्हणशील, सर, त्यांना धान्यातला वाटा ठरलेला होता. मी म्हणेन, कुठे लिहिलं आहेस? तू "हं" म्हणशील. या वेळी मी त्या "हं"वर थांबणार नाही. स्कूटर विकली आहे, पण गाडी करू, बंधाऱ्यावर जाऊ, जी कोणी म्हातारी उरली असेल तिला विचारू. प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, कदाचित निष्कर्षच बदलेल, आणि तू माझ्यावर चिडशील, आणि मी तुझ्यावर चिडेन, आणि काम पक्कं होईल. मार्गदर्शक त्यासाठीच असतो. मी तुझा मार्गदर्शक व्हायला आत्ता कुठे लायक झालो आहे आणि तू निघून गेलास.

बठ्ठा म्हणजे कोण, झुलाल? सांग. मी वाचलं आहे सगळं, आता मला फसवता येणार नाही.